पिस्कॅटवेतली दोन जपानी गावं

मैत्रेयी आणि राहुल,

गुवाहाटीहून आलेल्या तुमच्या पत्रात एकच प्रश्न दोघांच्या अक्षरात दोनदा आहे: आजी, अमेरिकेत काय काय पाहिलंस? उंच इमारती पाहिल्या, समुद्र पाहिला, धबधबा राहून गेला. पण तीन महिन्यांत सर्वांत जास्त वेळ मी पाहिली ती दोन जपानी गावं, आणि तीही न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे या गावी, तुमच्या सुजाताआत्याच्या जेवणाच्या टेबलावर. हे कसं झालं ते क्रमाने सांगते. विमानाबद्दल लिहीत नाही. विमानात माणूस बसतो आणि उतरतो, मधे सांगण्यासारखं काही घडत नाही.

एप्रिल: पोचल्यावर

मी पोचले तेव्हा झाडं खराट्यासारखी उघडी होती. आत्याचा मित्र अभिजित, तिच्याच विभागातला, मूळचा पुण्याचा, त्याच्या गाडीतून आम्हाला न्यायला आला होता. रस्त्यात मला पहिलं नवल वाटलं ते चौकाचं. चारही बाजूंना थांबायची पाटी, पोलीस नाही, दिवा नाही. तरी प्रत्येक गाडी येऊन थांबते आणि जी आधी आली ती आधी जाते. एका चौकात तर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी अभिजित थांबला.

"कुणासाठी थांबलास रे?" मी विचारलं.

"सवय लागते, काकू. पुण्याला गेलो की मोडते."

आत्या एका दोनमजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तशाच विटांच्या वीसेक इमारती एका आवारात आहेत. मधे हिरवळ, हिरवळीवर खारी. आपल्याकडच्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात. इथल्या राखाडी, मांजराच्या पिल्लाएवढ्या, आणि कुणाला भीत नाहीत. माणसं मात्र दिसत नाहीत. सकाळी दारं उघडतात, गाड्या जातात, संध्याकाळी गाड्या येतात, दारं मिटतात. या इमारतीत दोन वर्षं राहून आत्याला खालच्या मजल्यावर कोण राहतं ते ठाऊक नव्हतं.

अभिजित म्हणाला, "काकू, इथे शेजारी म्हणजे ज्याची गाडी चुकून आपल्या जागेवर लागते तो."

मी हसले, पण ते माझ्या मनात राहिलं.

आत्या इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते हे तुम्हाला माहीत आहे. विषय काय ते बाबांना विचारलंत तर ते "जपानबद्दल काहीतरी" म्हणतील, म्हणून मीच सांगते. फार वर्षांपूर्वी जपानमधल्या एका प्राध्यापकाने आपले विद्यार्थी दोन खेड्यांत घरोघर पाठवले. प्रत्येक घराचं एक कार्ड. भाताच्या लावणीला तुमच्याकडे कोण आलं, तुम्ही कुणाकडे गेलात, छपराचं गवत बदलायला किती हात होते, पाण्याचा पाट साफ करायला घरातलं कोण गेलं, मयताला स्वयंपाक कुणी केला. आपल्याकडे शेतीतल्या अशा मदतीला सावड म्हणतात: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. काही वर्षांनी यंत्रं आली, कारखाने आले, तेव्हा त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले. आत्या ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवून दोन गावांची तुलना करत होती. एक गाव डोंगरातलं. दुसरं मोठ्या रस्त्याकाठचं, कारखान्याजवळ. बदल आल्यावर गावाची घडी कुठे टिकली आणि कुठे मोडली, हा तिचा प्रश्न.

मे महिन्याच्या शेवटी पहिला मसुदा तिच्या इथल्या प्रोफेसरांच्या हातात द्यायचा होता. तो मान्य झाला तर उन्हाळ्यात पदवी, आणि अशोक विजयादशमीला ती नागपुरात आपल्या घरी. चार वर्षांत ती एकदाही आली नव्हती. मी मनातल्या मनात तिची खोली आवरूनसुद्धा ठेवली होती.

कुलपाचा दिवस

कपडे धुण्याची यंत्रं तळघरात. एका मंगळवारी आत्या विद्यापीठात गेल्यावर मी टोपली घेऊन खाली गेले. वर आले तर दार बंद. इथली दारं आपोआप लागतात, हे मला तीनदा सांगितलेलं होतं. किल्ली आत, टेबलावर, मी स्वतः नीट ठेवलेली.

पायात घरातल्या स्लीपर, हातात ओल्या कपड्यांची टोपली. नागपुरात असं झालं असतं तर मी पलीकडे हाक मारली असती. आपल्या घराची एक किल्ली रामटेकेकाकूंकडे आणि त्यांची आपल्याकडे, हे तुम्ही पाहिलं आहे. इथे मी पहिलं दार वाजवलं, कुणी नाही. दुसरं वाजवलं, आतून एक पुरुष दार न उघडताच "नो थँक यू" म्हणाला. मी काही विकायला आले असं त्याला वाटलं असावं. तिसरं दार खालच्या मजल्यावरचं. ते उघडलं आणि माझ्याच वयाची, माझ्याहून बुटकी बाई दिसली. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग पायांकडे, आणि काही न विचारता मला आत घेतलं.

मी उंबऱ्याशी स्लीपर काढल्या. तिचा चेहरा एकदम उजळला. तिच्या दाराशीही जोडे ओळीने ठेवलेले होते. आम्हा दोघींची ओळख तिथेच पटली म्हणा ना.

त्यांचं आडनाव होशिनो, मूळच्या जपानच्या. मी त्यांना होशिनोबाई म्हणू लागले. पती इथे इंजिनियर होते, ते वारले. मुलगा कॅलिफोर्नियात. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं पुस्तकी, पण दोन म्हाताऱ्यांना व्याकरण किती लागतं? त्यांनी आत्याच्या विभागात फोन लावून निरोप ठेवला. मग बिनसाखरेचा हिरवा चहा आला, भात आला आणि सोबत पिवळंधमक मुळ्याचं लोणचं. मला ते आधी गोड लागलं, मग खारट, मग मी आणखी घेतलं.

"तुमच्याकडे किल्ली कुणाकडे ठेवतात?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "मी लहान असताना गावात कुलूप नव्हतं. कारखाना आला, मग कुलूप आलं."

"आणि किल्ली?"

त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला. "शेजारी. आणखी कुठे?"

"मग इथे?"

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची दुसरी किल्ली लटकत होती, त्यांच्याच घरात. आम्ही दोघी हसलो, पण फार नाही.

टेबलावरची खोकी

कार्डांच्या झेरॉक्स प्रती दोन खोक्यांत होत्या. तुमची आजी सरकारी सांख्यिकी कार्यालयात बत्तीस वर्षं फॉर्मांची छाननी करत होती. दुसऱ्या बायकांना साड्या बघितल्यावर हात लावावासा वाटतो, तसं मला भरलेल्या फॉर्मांचं होतं.

"आई, प्लीज, त्या बॉक्सला हात लावू नकोस. ऑर्डर बिघडेल."

"मी ऑर्डर बिघडवीन?" मी म्हटलं.

ती हसली. "बरं. पण डेटा एंट्री झालीय हं. सगळं चेक केलंय."

मला जपानी येत नाही. पण तिने मला आकडे शिकवले, आणि छापील प्रश्न कुठला कुठे ते एका कागदावर लिहून दिलं. फॉर्म वाचायला तेवढं पुरतं. ती मसुदा लिहायची, मी कार्डं लावायचे. डोंगरातल्या गावाची कार्डं भरगच्च होती. रस्त्याकाठच्या गावाच्या दुसऱ्या फेरीत मात्र मला सारखी एक गोष्ट दिसू लागली. घरातल्या माणसांची संख्या भरलेली, जमीन भरलेली (दोन्ही गावच्या दप्तरातून उतरवता येतात), आणि पुढचे सगळे रकाने कोरे. एका कार्डावर नव्हे, कितीतरी. आणि अशा प्रत्येक कार्डाच्या समासात पेन्सिलीने घाईघाईत एक-दोन ओळी खरडलेल्या.

"हे समासात काय गं?"

"हँडरायटिंग इतकं वाईट आहे की प्रोफेसरसुद्धा म्हणाले, सोड. छापील प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची."

"आणि हे कोरे रकाने तू कसे घेतलेस?"

तिने टायपिंग थांबवलं. विभागातला एक जुना प्रोग्रॅम ती वापरत होती. त्याला रकाना कोरा दिसला की तो तिथे शून्य धरायचा. म्हणजे ज्या घराने उत्तर दिलं नव्हतं, ते घर तिच्या हिशेबात कुणाच्या लावणीला गेलं नव्हतं, कुणाच्या छपराला नाही, कुणाच्या मयताला नाही. आणि तिच्या मसुद्याचं शेवटचं वाक्य होतं: रस्त्याकाठच्या गावात माणसांचं एकमेकांशी असलेलं नातं संपलं.

"शून्य म्हणजे विचारलं आणि नाही म्हणाले," मी म्हटलं. "कोरं म्हणजे विचारलंच नाही."

"आई, मला शिकवू नकोस. तू इथे सुपरवायझर नाहीस."

ती उठून तांदूळ धुवायला गेली. तीनदा धुतले. मसुद्याला अकरा दिवस उरले होते, आणि मीच तिच्या पायात धोंडा टाकला होता.

जेवताना ती म्हणाली, "थोडं मिसिंग असतंच, सगळ्यांच्या डेटात असतं. कुणी विचारणार नाही."

"नाही विचारणार," मी म्हटलं.

"मग?"

मग मी तिला ते सांगितलं, जे तुमच्या बाबांनाही पूर्ण माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. माझे वडील गिरणीत लागण्याआधी ज्या गावात होते, तिथे आपली वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. मोजणीचा माणूस आला की गावातल्या चावडीवर बसायचा. ओढा ओलांडायचा नाही. तिथूनच कुणीतरी सांगायचं, तिकडे इतकी घरं, शिकलेलं कुणी नाही, धंदा काही नाही. तो लिहायचा. माझ्या आजोबांना वाचता येत होतं. पलटणीत शिकले होते. ते वस्तीतल्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावत. कागदावर मात्र आमच्या वस्तीपुढे शून्य. वडील म्हणायचे, आपल्याला मोजलं, पण विचारलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, कोरा रकाना आला तर परत पाठव, स्वतः भरू नकोस. बत्तीस वर्षं मी परत पाठवत आले. कार्यालयात माझं नाव 'परत पाठवा बाई' होतं.

सुजाता भात चिवडत होती. "आणि मी कुणाकडे परत पाठवू? ते गाव आता तसं आहे तरी का?"

गाव तसं नसेलही. पण समासातल्या पेन्सिलीच्या ओळी होत्या, आणि खालच्या मजल्यावर होशिनोबाई होत्या.

होशिनोबाईंचं टेबल

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोकं घेऊन खाली गेलो. मी सोबत बेसनाच्या वड्या नेल्या. होशिनोबाईंनी चष्मा पुसला, पहिलं कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, "फार घाणेरडं अक्षर. पुरुष विद्यार्थी." मग वाचू लागल्या. त्या इंग्रजीत सांगत, सुजाता लिहून घेई.

"घर बंद. नवरा-बायको दोघं कारखान्यात. शेजारीण म्हणते, रविवारी या."

दुसरं. "घर बंद. कुत्रा मोकळा." आम्ही तिघी हसलो.

तिसरं. "घर बंद. मूल पलीकडच्या घरी झोपलं आहे."

चौथं. "घर बंद. शेजारणीने सांगितलं, भात तिनेच कापला, कारण यांना सुट्टी नव्हती."

सुजाताचं लिहिणं थांबलं. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. होशिनोबाईंनी पुन्हा वाचलं.

पाचवं कार्ड त्यांनी पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. मग अगदी हळू वाचलं. "घर बंद, पण आत म्हातारी. किल्ली शेजारणीकडे. तिने मला बाहेर उभं ठेवलं, आधी आत जाऊन म्हातारीला जेवू घातलं, मग माझ्याशी बोलली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेजारी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना?"

सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलावर पसरलेल्या त्या सगळ्या बंद घरांकडे बघत होती. "मी यांना झिरो दिला," ती म्हणाली. "सगळ्यांना झिरो."

सहा दुपारी आम्ही तसंच बसलो. प्रत्येक बंद घराचं कार्ड वेगळं काढलं, कॉम्प्युटरवरची शून्यं पुसली, तिथे 'माहीत नाही' असं लिहिलं, आणि समासातल्या नोंदींची एक वेगळी वही केली. अभिजितही एक दिवस आला. विभागातला तो प्रोग्रॅम त्याने दुरुस्त केला आणि वड्या संपवल्या. "मावशी," तो होशिनोबाईंना म्हणाला, कारण त्याला काकू आणि मावशी याशिवाय तिसरा शब्द येत नाही, "तुम्ही आमच्या डिपार्टमेंटमध्ये का नाही आलात?" होशिनोबाईंना काही कळलं नाही, तरी त्यांनी त्याला आणखी लोणचं वाढलं.

सगळीच कार्डं गोड नव्हती. एका समासात लिहिलं होतं: घर बंद, शेजाऱ्याला काही माहीत नाही, बोलणं नाही. तेही सुजाताने तितक्याच नीट वहीत उतरवलं. मला बरं वाटलं. आपल्याला हवं तेच लिहिणं हीसुद्धा एक प्रकारे ओढा न ओलांडणंच आहे.

बुद्धपौर्णिमा

मधेच बुद्धपौर्णिमा आली. आवाराच्या सभागृहात नागपूरची, मुंबईची, औरंगाबादची मंडळी जमली. त्रिशरण-पंचशील झालं, मग जेवण. इथे यजमान सगळं रांधत नाही. प्रत्येक घर एक पदार्थ घेऊन येतं आणि त्यावर नावाची चिठ्ठी लावतं. मी खीर नेली होती. एका पाच वर्षांच्या मुलीला वाटी पुढे केली तर ती म्हणाली, "नो थँक्स आजी, आय ॲम फुल." आणि लगेच माझ्या मांडीवर बसली. भाषा इंग्रजी, बसणं आपलं. होशिनोबाईंनाही मी बोलावलं होतं. त्या भाताचे त्रिकोणी गोळे घेऊन आल्या आणि डोळे मिटून आमच्याबरोबर वंदनेला बसल्या. पाली भाषा त्यांना कळत नव्हती. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांनाही कळत नव्हती.

प्रोफेसरांची खोली

मसुद्याच्या दिवशी सुजाता मसुदा न नेता ती वही आणि खोकं घेऊन गेली. मलाही नेलं. प्रोफेसर म्हणजे उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. सुजाताने सरळ सांगितलं: माझी चूक झाली, कोऱ्या रकान्यांना मी शून्य धरलं, निष्कर्ष टिकत नाही.

ते वहीची पानं उलटत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे कुणाला दिसलं?"

"माझ्या आईला."

ते उठले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी तोवर उभीच होते. "आणि समास मीच सोडायला सांगितला होता," ते म्हणाले. "ते म्हातारीचं कार्ड पुन्हा वाचून दाखवा."

तिने वाचलं. ते म्हणाले, "आता तुमच्याकडे पूर्वीपेक्षा कमी उत्तरं आहेत आणि चांगला प्रश्न आहे. पण उन्हाळ्यात हे होणार नाही."

म्हणजे पदवी पुढच्या वर्षी. म्हणजे अशोक विजयादशमीला नागपूर नाही. बसथांब्यावर सुजाताने माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा, दोन बोटं. "रागावलीस?" मी विचारलं. "थोडी," ती म्हणाली. "ग्रंथालयात काम मिळेल म्हणाले, म्हणजे राहता येईल. पण तू खोली आवरून ठेवली होतीस ना?"

"राहू दे आवरलेली," मी म्हटलं. "धूळ मी झाडीन."

थांब्यामागे पांढऱ्या फुलांचं एक झाड बहरलं होतं. मी आले तेव्हा तो नुसता खराटा होता.

परत

निघायच्या दिवशी मी पेटी घेऊन खाली उतरले तर होशिनोबाईंचं दार उघडं होतं. आतल्या भिंतीवर, जिथे पूर्वी त्यांचीच किल्ली लटकायची, त्या खिळ्यावर आता सुजाताची किल्ली होती. त्यांची वर, सुजाताच्या फ्रिजशेजारी. तिच्याशेजारी अभिजितच्या घराची तिसरी. "काकू," तो पेटी उचलत म्हणाला, "आता कुणाला बाहेर अडकायचं तर तिघांची दारं एकदम लागली पाहिजेत." मला होशिनोबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बरणी दिली. ती माझ्या साडीत गुंडाळून नागपूरला सुखरूप आली. साडीला अजून वास येतो.

परवा आत्याचं पत्र आलं. जुन्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य तिने खोडलं आहे. त्या जागी लिहिलं आहे की रस्त्याकाठच्या गावातल्या पुष्कळ घरांना विचारलंच गेलं नाही, म्हणून तिथली घडी मोडली असं म्हणता येत नाही. मग एक पूर्ण नवं प्रकरण, फक्त समासातल्या नोंदींवर. ते तिने होशिनोबाईंकडे बसून लिहिलं. आणि पुढच्या वर्षी ती येणार आहे. तिकीट काढलं नाही, पण लिहिलं आहे, आणि आत्या लिहिते ते तपासून लिहिते.

आता तुमचं काम. माझा प्रश्न एकच आहे. तुमच्या घराला कुलूप असतं तेव्हा दुसरी किल्ली कुणाकडे असते? आईला विचारू नका, बाबांना विचारू नका, स्वतः जाऊन शेजाऱ्यांचं दार वाजवा, त्यांच्याशी बोला आणि मग मला लिहा. कुणाकडेच नसेल तर तसं लिहा. तेही उत्तर आहे.

फक्त कोरं पाठवू नका. मी परत पाठवीन.

तुमची,
आजी